वजा वाघ

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं आणि त्या दिवसापासून मी घरात कुणाशी सरळ बोलेनासा झालो. इंटरनेटवर नेमकं कसं शोधायचं, ते मी शिकून आलो होतो. शब्द अवतरणचिन्हांत घातले, की ते जसेच्या तसे असलेलीच पानं येतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावलं, की तो शब्द असलेली पानं गायब. संध्याकाळी बायकोनं भाजी काय करू म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, "भाजी, वजा वांगी."

तिनं वांगीच केली.

सासूबाई तेव्हा नुकत्याच आमच्याकडे ब्रह्मपुरीला राहायला आल्या होत्या. त्यांचं गाव जंगलात होतं. होतं म्हणजे, आता नाही. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं ठरलं तेव्हा गाव उठलं आणि रस्त्याकडेला नवं वसलं. तक्रार त्या करत नसत. अधूनमधून एवढंच म्हणायच्या, "एक डाव मले माही विहीर पाहाची होती." त्यांचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्यातलं उरलंसुरलंही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं 'एक डाव' ऐकलं, की बायको हातातलं काम थांबवायची.

तिकडे जाण्याचा मार्ग नव्हता. आत फक्त सफारीच्या गाड्या जातात, आणि त्यांची वाट त्या गावावरून जात नाही.

"कुणीतरी फोटो काढलाच असेल," मी म्हटलं. "मी शोधतो."

"तिथी मानूसच नाई, जावई. फोटो कोन काढते?"

त्यांना माझ्या प्रशिक्षणाची कल्पना नव्हती.

गावाचं नाव टाकलं, तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावचा शंकरपट निघाला, बैलांच्या शर्यतीचा. मी नाव अवतरणांत घातलं, पुढं चंद्रपूर जोडलं. आता आले वाघ. झोपलेला वाघ, जांभई देणारा वाघ, रस्ता ओलांडणारा वाघ, आणि प्रत्येकाखाली राहण्याची सोय, नाश्त्यासकट. मी बायकोकडे पाहून हसलो, शिकवणी घेणाऱ्या मास्तरासारखा, आणि पुढं लिहिलं, वजा वाघ.

वाघ जास्तच आले.

"वाढले ना हो," बायको म्हणाली.

वजाचं चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नसते, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. बहुतेक तेव्हा चहा आला होता. जागा काढली, तसे मराठी वाघ गेले, इंग्रजी उरले. तेही वजा केले. मग सफारी वजा, रिसॉर्ट वजा, जिप्सी वजा. पानं भराभर कमी होत गेली. मला वाटलं, जवळ येतोय. शेवटी एकच पान उरलं, जनगणनेचा तक्ता. गावाचं नाव आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य.

ते मी वाचून दाखवलं नाही. पण सासूबाईंना त्यावरूनच कळलं असावं.

"काय लिहून राह्यले, वाचा बरं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. 'वजा वाघ' आलं तसा त्यांनी हात वर केला. सासूबाई वाघाचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात. सासऱ्यांनाही 'तो'च म्हणायच्या. त्यामुळे लग्नानंतरचं वर्षभर रात्री गोठ्याशी येऊन कोण गुरगुरायचं, याबद्दल माझा समज काही वेगळाच होता.

"त्याले काऊन काढलं?"

"तो मध्ये मध्ये येतो ना. आपल्याला गाव पाहिजे."

"गावात आता राहते कोन? तोच ना? राहनाऱ्यालेच बाहीर हाकललं तं घर कोन दाखवन तुमाले?"

बायको पदराआड हसली. मी सगळे वजा काढले. गावाचं नाव ठेवलं आणि पुढं लिहिलं, वाघ, विहीर. इंग्रजीतही लिहून पाहिलं.

खाली चौथाच फोटो. कुण्या हौशी वनरक्षकानं टाकलेला. गावाचं नाव, आणि जुन्या विहिरीवर विसावलेली वाघीण, एवढंच खाली लिहिलेलं. विहिरीचं जोतं खचलेलं, कठड्यावर वेली चढलेल्या, आणि जोत्याच्या कडेला वाघीण पसरलेली. तिची हनुवटी एका गोल दगडावर टेकलेली होती. दगडाला मधोमध भोक.

मी फोन सासूबाईंच्या चांगल्या डोळ्याजवळ धरला. त्यांनी तो हातात घेतला, दूर केला, जवळ आणला. मग बोट ठेवून माशी हाकलावी तसं वाघिणीला बाजूला करायला गेल्या. चित्र सरकलं आणि दगड मधोमध आला.

"माय, हे तं आपलं जातं," बायको म्हणाली.

"माह्या लग्नातलं," त्या म्हणाल्या. "फुटलं तं म्याच बसवलं तिथी. लय चिखल होत होता पाय ठेवाले." मग विचारलं, "पानी हाय का विहिरीत?"

चित्रात विहिरीचं तोंड दिसत नव्हतं. मला शिकवलेली चिन्हं संपली होती.

"असन," त्यांनीच ठरवलं. "गार नसतं तं तो टेकला असता काय?"

त्यांच्यासाठी मी तो फोटो मोठा करून घ्यायचं ठरवलं. स्टुडिओवाला म्हणाला, "भाऊ, वाघ मधात घेतो." मी म्हटलं, "नाही. दगड मधात. वाघ गेला तरी चालेल." तो म्हणाला, "लोक त्याचेच पैसे देतात, भाऊ." पण त्यानं फोटो हनुवटीच्या खालून कापला. मी मोठ्या ऐटीत तो घरी आणून सासूबाईंसमोर धरला.

त्यांनी त्यावरून हात फिरवला. डोळा बारीक करून वरून खाली, डावीकडून उजवीकडे शोधलं. करड्यावर करडं. त्यांना काहीच लागेना.

"तो कुठी गेला?" त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा वाघ वजा केला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला सबंध वाघीण छापताना शीळ वाजवत होता. आता तो फोटो सासूबाईंच्या खाटेजवळ, त्यांच्या डोळ्याच्या उंचीला लावलाय. करडं त्यांना दिसत नाही, पण पिवळं अजून दिसतं. सकाळी उठल्या की त्यांचं बोट आधी त्या पिवळ्यावर जातं, मग हळूच खाली घसरतं, आणि दगडावर येऊन थांबतं.