खांद्यावरून आणलेलं मेज

नवा माणूस भेटला की साळवेकाका नाव-गाव विचारायच्या आधी एक प्रश्न टाकायचे, "दावीद राजाचं चुकलं कुठं?" पुण्याहून बदली होऊन मी नोएडात आलो आणि पहिल्याच रविवारी मयूर विहारच्या मराठी ख्रिस्ती उपासनेला गेलो, तेव्हा दारातच त्यांनी मला गाठलं. मी हुशारी दाखवत म्हणालो, "दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवला तिथं."

"ते जगाला ठाऊक आहे. त्याच्या आधी चुकलं."

मग मला उभ्यानं ती बायबलातली गोष्ट ऐकावी लागली. देवाच्या कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, वर्षानुवर्षं कुठल्याशा घरात पडून होता, कुणी त्याची विचारपूस करत नव्हतं. दावीद राजा झाला, त्याला कोशाची आठवण झाली, आणि वाजतगाजत तो त्याला यरुशलेमेत आणायला निघाला. पण खांद्यावरून न्यायची ती वस्तू त्यानं नव्या कोऱ्या गाडीवर चढवली. वाटेत बैल ठेचाळले, कोश कलंडू लागला आणि सावरायला हात लावणारा बिचारा जागीच मेला. "गाडी केली, तिथं चुकलं," काका म्हणाले. "सोय बघितली. दुसऱ्या खेपेला खांद्यावरून आणला, तेव्हा राजा स्वतः त्याच्यापुढं नाचत आला."

काका मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात स्टेनो म्हणून दिल्लीला आले, निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न करून पुण्याला गेली. ते आपल्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. भाजी घ्यायला निघाले तरी पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. बाहेर अस्खलित हिंदी, पण आमच्यापैकी कुणी मराठीत 'बिल्कुल' किंवा 'अच्छा' म्हटलं की थांबून वाट बघायचे, आपण मराठी शब्द शोधून आणेपर्यंत. सगळे वैतागायचे. मीही वैतागायचो, आणि ते लपवायची तसदी फारशी घेत नसे.

पुढं मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सेक्रेटरी झालो. तरुण कुटुंबं वाढली होती, म्हणून आम्ही नवा हॉल घेतला, मोठा स्क्रीन आणि ड्रमसेट आणला. तिथं जुनं मेज बसेना. पहिल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी प्रभुभोजनासाठी, म्हणजे पाळकांनी मोडलेली भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायच्या विधीसाठी, करून घेतलेलं ते सागवानी मेज भलतंच जड होतं. काकांचं लग्न त्याच्यापुढं लागलं होतं, मुलीचा बाप्तिस्मा त्याच्यापुढं झाला होता. मी काकांना म्हणालो, तात्पुरतं तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवू. ते तात्पुरतं अकरा वर्षं चाललं. वॉचमन त्यावर रंगाचे डबे ठेवायचा, कुणी मोडका कूलर ठेवला. काका रोज सकाळी ते सगळं उतरवायचे, मेज पुसायचे, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा भरायचं.

त्यांची फुप्फुसं दिल्लीच्या हवेपुढं हरली तेव्हा मुलीनं, रूथनं, त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. नाताळच्या आधी निघायचं होतं. काका माझ्याकडं आले. आयुष्यात त्यांनी मंडळीकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"सेक्रेटरीसाहेब, जायच्या आधी एकदा मेजावरून प्रभुभोजन घेऊ द्या. एकदाच. मग पुन्हा कूलर ठेवा त्यावर."

मी हो म्हटलं. मात्र काका मेज चौघांनी खांद्यावरून चालत आणावं असं म्हणायला लागले, तेव्हा मी हसलो. "काका, वीस मिनिटांचा रस्ता आहे. ॲपवरून टेम्पो मागवतो, पाच मिनिटांत काम." कमिटीतले सगळे माझ्याच बाजूचे. काका गप्प बसले.

सप्टेंबरात टेम्पो आला. तिसऱ्याच स्पीडब्रेकरवर मेज घसरलं आणि ते धरायला गेलेल्या आमच्या कमिटीतल्या विनोद गायकवाडचं मनगट मोडलं. काका फुटपाथवर बसून राहिले. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुमचं नाही चुकलं, माझं चुकलं." मला त्यांचा राग आला. ही वेळ काय गोष्टी आठवायची होती?

टेम्पोवाला पुढं न्यायला तयार होईना. समोरच्या तळमजल्यावर देशपांडेकाकू राहायच्या, त्यांनी दार उघडून मेज आत घेतलं. ते दोन महिने त्यांच्या बैठकीत राहिलं. मी एकदा बघायला गेलो तेव्हा त्यावर धुतलेली पांढरी चादर होती आणि बाकी काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "तुमच्या देवाचं आहे ना, मग मी चहाचा कपसुद्धा ठेवू देत नाही कुणाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तेवढ्यापुरतंच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी काकांनी आपलं खरं केलं. चौघं मेज खांद्यावर घ्यायला तयार झाले. मी हॉलच्या वरच्या खिडकीत होतो. आधी झांजा ऐकू आल्या, मग वळणावरून मेज आलं, आणि त्याच्या पुढं साळवेकाका. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मास्क गळ्यात लोंबतोय, शर्ट बाहेर आलाय, आणि झांजा वाजवत भर रस्त्यात नाचतोय. रिक्षावाले थांबून बघत होते. मला लाज वाटली. मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला आणि काका नसलेल्या आमच्या कमिटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अंकल फुल फॉर्ममध्ये'. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मेज हॉलमध्ये आलं खरं, पण पुढं स्क्रीन होता, ड्रम होते. ते मी दाराशी ठेवायला लावलं. करोनापासून आमच्याकडं प्रभुभोजन बंद पाकिटात असतं. प्लास्टिकचा इवलासा कप, वर झाकणात भाकरीचा तुकडा, आत द्राक्षरस. प्रत्येकानं आत येताना उचलायचा. त्या कपांचं खोकं मी मेजावर ठेवलं. मला वाटलं, झालं की काकांच्या मनासारखं, सगळी मंडळी मेजावरूनच घेतेय.

लोक फोनवर बोलत, मुलांना ओढत येत होते आणि जाता जाता खोक्यातून कप उचलत होते. काका घाम पुसत बाजूला उभे होते.

"पाळकसाहेब भाकर मोडणार नाहीत मेजापाशी?"

"काका, ती सिस्टिम आता नाही ना."

काकांनीही एक कप घेतला आणि मागच्या खुर्चीवर बसले. वेळ आली तेव्हा त्यांच्यानं झाकण निघेना. मीच ते काढून दिलं.

डिसेंबरात ते पुण्याला गेले आणि फेब्रुवारीत रूथचा फोन आला. बाबा गेले. मी जे बोलायचं ते बोललो. मग ती म्हणाली, "तुम्ही काढलेला तो व्हिडिओ विनोददादांनी बाबांना पाठवला होता. रोज सकाळी बघायचे. आल्यागेल्याला दाखवायचे. म्हणायचे, हा आमच्या सेक्रेटरीनं काढलाय. हॉलमध्ये कुणाला नाही कळलं, पण त्याला कळलं होतं, नाहीतर त्यानं कशाला काढला असता?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तिला वाटलं, मी रडतोय. "तुम्हाला खूप मानायचे ते," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.