मंगळवारचा धूर

जत्रा ठरली की आमच्या गावात वार पाळायचे. जत्रेआधीच्या प्रत्येक मंगळवारी गावात चूल पेटवायची नाही. आदल्या रात्रीच्या भाकऱ्या बांधून सगळ्यांनी शिवेबाहेर रानात जाऊन बसायचं आणि दिवेलागणीला परतायचं. का, ते कोणी विचारत नसे. मीही बरीच वर्षं न विचारता गेले.

त्या वर्षी सासू अंथरुणाला खिळली होती. गरम पेजेशिवाय तिच्या पोटात काही टिकणार नाही, असं रामनगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. पहिल्या मंगळवारी नवऱ्यानं आणि दिरानं तिला बाजेसकट रानात नेलं. थंड पेज घशाखाली उतरली नाही. संध्याकाळी घरी आणली तेव्हा तिच्यात पाणी गिळायचंही त्राण नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही जावा. आम्ही दोघी येत न्हाई."

सगळे गेल्यावर चूल पेटवली.

"अगं, देवी बघत्या," सासू म्हणाली. जन्मभरात तिनं एकही वार मोडला नव्हता.

"बघू दे की. तुम्ही उपाशी हाय, ते बी दिसंल तिला. तोंड उघडा, आत्ती."

ती प्याली. पण कौलांतून निघालेला धूर रानात बसलेल्या साऱ्या गावानं पाहिला.

संध्याकाळी पंच अंगणात आले. नवऱ्यानं आधीच नारळ आणून ठेवला होता.

"नारळ ठेव आणि चूक झाली म्हण," थोरले पंच म्हणाले. "न्हाईतर जत्रंत तुमच्या घरची ओटी घेणार न्हाई."

गावात तेव्हा वीज नुकतीच आली होती. मी म्हटलं, "तुमच्या पडवीत दिवसभर बल्ब जळत होता. मी बघितला."

"बल्बाला धूर न्हाई!"

"म्हंजे देवीला धूर तेवढा दिसतो व्हय? माझी सासू दिसत न्हाई?"

"म्हण की एकदा," नवरा पुटपुटला. "तोंड झिजतंय काय तुझं?"

"चूक झाली असती तर म्हटलं असतं."

तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला, "पेज मी प्याले. दंड मला घाला. या आत!"

आत कोणी गेलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी आमच्या घरातून धूर निघाला.

जत्रेत ओटीचं ताट घेऊन मी रांगेत उभी राहिले. पुजाऱ्यानं पंचांकडे पाहिलं, मग ताट माझ्याकडे सरकवलं. मागच्या बायका कुजबुजल्या. मी देवीला हात जोडले. तिच्याशी माझं भांडण नव्हतंच.

घरी येऊन ओटीचे तांदूळ हळदीकुंकू जाईपर्यंत धुतले आणि पेजेला चढवले. ओटीतला नारळही फोडला, त्याचा रस काढून पेजेत घातला.

"ओटी घेतली न्हाई काय गं?" सासूनं विचारलं.

"न्हाई."

ती रिकाम्या ताटाकडे बघत राहिली.

"मग वाढ की," ती म्हणाली. "निवायच्या आत."