हिराजीकाकांची उदबत्ती

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — तिच्या माहेरच्यांनाही ठाऊक आहे — पण हे नाही. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका. फक्त मध्ये मध्ये मान हलवून मला धीर देऊ नका.

भिवंडीजवळ पूर्ण्याला गोदामं नुकती उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. चॉकलेटच्या एका गोदामात मी कॉम्प्युटरवाला होतो. म्हणजे काय? एक छोटा कोर्स, इस्त्रीचा शर्ट आणि भिवंडीतल्या कारकुनी घराण्याचा ताठा. शेठने तिथे वहीएवढ्या एकाच पाटीवर मावणारा अख्खा कॉम्प्युटर बसवला होता, जाळीच्या लोखंडी पेटीत. त्यातला प्रोग्रॅम थंड खोलीचं तापमान दाखवायचा, आणि पेटी स्वतः किती तापली आहे तेही. सगळं ठीक असेल तर स्क्रीनवर पेटी हिरवी, नाहीतर लाल.

पेटी थंड खोलीबाहेर, गोदामाच्या दाराजवळच्या फळीवर होती, गणपतीच्या फोटोशेजारी. फोटो हिराजीकाकांनी लावलेला. काका शेजारच्या शेलार गावचे, गेटवर ड्युटी. रोज सकाळी आधी बाप्पाला, मग पेटीला उदबत्ती ओवाळायचे. "शिकलेली मशीन हाय," म्हणायचे. आणि मी? मी मनातल्या मनात हसायचो — छे, मनातल्या मनात कुठे, चांगले दात काढून हसायचो.

मग पेटी लाल व्हायला लागली. दुपार झाली की लाल, थोड्या वेळाने ठप्प. ठप्प झाली की खोलीचं तापमान कळायचं नाही, आणि चॉकलेट वितळलं तर शेठ मला सोडणार नाही हे उघड होतं. मी काय नाही केलं? प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. वायर बदलली. लाल होण्याची मर्यादासुद्धा वाढवून पाहिली. शेवटी शेठला ठणकावून सांगितलं — प्रोग्रॅमच खोटं बोलतोय. अहो, त्या गोदामात खरं बोलणारं तेवढं एकच होतं!

शेठने विचारलं, "क्यों झूठ बोल रहा है? कारण बोलो." कारण माझ्याकडे कुठे होतं? समोर उदबत्तीचा धूर होता. मी म्हटलं, धूर. धुराने सेन्सर बिघडतो. किती सहज निघालं तोंडातून!

त्याच संध्याकाळी शेठने उदबत्ती बंद केली आणि फोटोही उतरवायला लावला. काकांनी तो टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला आणि एका हाताने सायकल ढकलत शेलारपर्यंत चालत गेले — बाप्पाला कॅरियरला कसं बांधायचं? दुसऱ्या दिवशी पेटी दिवसभर हिरवी. शेठने माझी पाठ थोपटली. मलाही वाटलं, आपण हुशार आहोत.

आता एक वस्तू मी तुमच्यापासूनही लपवली होती. पेटीवर खोळ असायची. आईने शिवलेली, ग्रे कापडाची, चारी बाजूंनी झालर. आमच्याकडे टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, फोनला खोळ — मग लेकाच्या कॉम्प्युटरला धूळ कशी लागू द्यायची? राखेचे डाग पडले म्हणून ती मी नेमकी त्या संध्याकाळी धुवायला नेली होती. वाळल्यावर परत घातली. दुपारी पेटी लाल. काढली — हिरवी. घातली — लाल. जाळी होती ती वारा खेळायला, आणि मी भर उन्हाळ्यात तिला गोधडी पांघरली होती.

खोळ हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात हिराजीकाका आले. मी ती पाठीमागे लपवली. वडिलांच्या वयाचा माणूस, टोपी काढून समोर उभा. "सायेब, माज्यापायी मशीनला तरास झाला. मना ठावं नवतं. माफी करा."

तेव्हा सांगता आलं असतं ना? एक वाक्य होतं. फोटो दुसऱ्या सकाळी फळीवर आला असता. शेठने फार तर चार शिव्या घातल्या असत्या. पण थोपटलेली पाठ अजून गरम होती — मी घाबरलो, दुसरं काही नाही.

काका नोकरीवर होते तोवर फोटोची जागा रिकामीच राहिली. तिथून जाताना त्यांचा हात आपसूक कपाळाकडे निघायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. मी रोज बघायचो.

आणि त्या दिवशी मी त्यांना काय म्हणालो, तेही सांगतो. "असू दे काका," म्हणालो, "या वेळी माफ केलं."