शिंपलेबाईंचा प्रश्न

अन्याय झाला तो शिंपल्यांवर. गेल्या भाऊबीजेला, सकाळी, चऱ्होलीच्या घाटावर, ताशा वाजत असताना आणि फोटो निघत असताना. पोत्यांत भरून आणलेले जिवंत शिंपले हळदकुंकू वाहून इंद्रायणीच्या फेसात ओतले गेले. त्या गर्दीत एक बाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि "अहो, ओतू नका!" म्हणून ओरडत होत्या. कुणीतरी त्यांच्याही कपाळाला कुंकू लावून गेलं. लावणाऱ्याला वाटलं, बाई पूजेलाच आल्यात.

नदीसाठी भांडणारी आम्ही मंडळी त्यांना शिंपलेबाई म्हणायचो. जन्म कोकणातल्या खाडीकाठचा, डॉक्टरेट खाडीतल्या तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांवर, आणि नोकरी चिंचवडच्या एका कॉलेजात, समुद्रापासून दोन घाट अलीकडे. यावर कुणी हसलं की म्हणायच्या, "शिंपला नदीतही असतो रे. तुम्ही कधी खाली वाकून बघितलंय?"

रिटायर झाल्यावर त्यांच्या पिशवीत कायम दोन काचेच्या बरण्या असायच्या, लोणच्याच्या. आमच्या सभेत टेबलावर त्या दोन्हींत नदीचं गढूळ पाणी भरायच्या आणि एकीत दोन शिंपले सोडायच्या. मग आमची भाषणं. भाषणं संपेपर्यंत शिंपल्यांची बरणी नितळ झालेली असायची. लोक टाळ्या वाजवायचे, मोबाइल काढायचे. बाई मात्र टाळ्या थांबल्यावरही तशाच उभ्या, कशाची तरी वाट बघत. मग लोक चहाकडे वळायचे आणि बाई बरण्या उचलायच्या.

"कशाची वाट बघता हो?" मी एकदा विचारलं.

"प्रश्नाची," त्या म्हणाल्या. "घाण गेली कुठे, हे कुणी विचारतच नाही गो."

मग त्यांनी मला बरणीचा तळ दाखवला. तिथे बुळबुळीत, करड्या गोळ्या साचल्या होत्या. शिंपला एका वाटेने पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर त्यातले कण धरतो, खाण्याजोगं निवडतो आणि नको ते चिकट लाळेत गुंडाळून बाहेर टाकतो. पाण्यातले काही जंतू त्याच्या पोटात पचतात, काही त्याच्या अंगातच मुक्कामाला राहतात. "घाण गेली म्हणू नये. तिनं पत्ता बदलला म्हणावं. थोडी तळाला, थोडी शिंपल्यात."

म्हणूनच पिंपरीच्या मासळीबाजारात त्यांची दहशत होती. तिसऱ्यांच्या वाट्यासमोर उभ्या राहून पहिला सवाल: "कुठल्या खाडीच्या?" विक्रेती म्हणायची, "घ्या ना मावशी, ताज्या हायेत." बाई म्हणायच्या, "ताज्या आहेत ते दिसतंय मला. त्यांनी प्यायलंय काय, ते सांग." शिंपल्यासोबत आपण अख्खी खाडी खातो, असं त्यांचं म्हणणं. खाडीत कुणी काय सोडलंय ते ठाऊक नसेल तर त्या मेथीची जुडी घेऊन घरी जायच्या.

माझी पत्रकं त्या छपाईआधी वाचायच्या. मी दारात दिसले की, "काय गो घोषणा, आज कुणाचा धिक्कार?" 'इंद्रायणी मेली' असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ते त्यांनी सरळ काट मारून उडवलं. "मेली म्हटलंस तर लोक तेराव्याला येतील. दवाखान्यात कोण नेईल?" आणि एकटी जाऊन अधिकाऱ्याशी भांडून आले की ऐकवायच्या, "सुटा जंतू बारीक असतो, शिंपल्याच्या चाळणीतून निसटतो. गाळाच्या कणाला चिकटला की बरोबर सापडतो. तूही कुणाला तरी चिकट. सुटी ओरडशील तर कुणाच्या पोटात काही जाणार नाही."

माझे पप्पा निघोज्याच्या कंपनीत गाड्यांचे फिल्टर बनवायचे. त्यांनी बरण्या बघून एवढंच विचारलं, "बाई, फिल्टर भरला की आम्ही बदलतो. शिंपला कोण बदलणार?" बाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या प्रत्येक सभेत हे वाक्य पप्पांच्या नावासकट सांगायला लागल्या. पप्पा अजून त्या नशेत आहेत.

तर, चऱ्होली. तिथल्या एका नव्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बाईंनी बरण्या मांडल्या. पाणी नितळ झालं, टाळ्या झाल्या. चेअरमन उठले. "मॅडम, मग आपण पोतीच्या पोती सोडू की नदीत! आमच्या एसटीपीच्या लाइटबिलाची कटकट तरी जाईल." एसटीपी म्हणजे सोसायटीचं मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, इमारतीच्या पोटात असतो तो. बाई म्हणाल्या, "मैल्यात शिंपला जगत नाही, साहेब. तो तोंड मिटून बसतो, आणि मिटल्या तोंडानं कुणी फार दिवस काढत नाही." चेअरमन हसले. "बघू हो, निसर्ग आहे, करेल ॲडजस्ट."

निसर्गाला ॲडजस्ट करायला सांगणारी ही माणसं! भाऊबीजेला त्यांनी खरंच मावळातल्या एका डोहातून शिंपले उपसून आणले. तो डोह बाईंच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं त्या तिथे जाऊन फक्त बघून यायच्या. बरण्यांतले शिंपलेसुद्धा तिथलेच, आणि कार्यक्रम झाला की स्वतः जाऊन परत सोडायच्या. आता तो डोह रिकामा झाला होता आणि घाटावर बॅनर लागला होता: 'शिंपला सोडा, नदी वाचवा.'

मग व्हायचं तेच झालं. काही दिवसांत घाटावर वास सुटला. मी धिक्काराचं पत्रक लिहून नेलं. बाईंनी ते वाचलंच नाही. "चल," म्हणाल्या. फेसातून आ वासलेले रिकामे शिंपले वेचले, घरचं ओवाळणीचं ताट काढलं, त्यात ते रचले आणि सोसायटीची मीटिंग चालू असताना टेबलावर ठेवलं.

"साहेब, तुम्ही नदीला ओवाळलंत. ही तिची ओवाळणी."

चेअरमननी रुमाल नाकाला लावला. मग मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. त्या गावच्या जुन्या घरातल्या, जमीन देऊन फ्लॅटमध्ये आलेल्या. म्हणाल्या, "पर बाई, यांनी तोंड मिटलं व्हतं, तर आमच्या संडासाचं पानी ग्येलं कुठं?"

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना भोवळ आली. पण त्या हसत होत्या. "आजी, या प्रश्नासाठी मी इतकी वर्षं बरण्या वाहतेय हो."

सगळे उठून तळघरात गेले, चेअरमनसुद्धा. प्लांट बंद होता. पंपावर कोळिष्टकं, आणि एक पाइप थेट नाल्याकडे वळवलेला. आजींनी कमरेवर हात ठेवले. "ए चेअरमन, चालू कर त्ये." त्याच आठवड्यात पंप चालू झाला. आजी रोज जिना उतरून तो ऐकून येतात, अजूनही.

नदी वाचली का? नाही. डोह भरला का? तोही नाही. एका सोसायटीचा नाल्याकडचा पाइप बंद झाला, एवढंच मी सांगू शकते. बाईंनी मला फुगवून सांगायचं शिकवलं नाही.

गुडघे बोलायला लागले तेव्हा बाई कोकणात बहिणीकडे निघाल्या. वल्लभनगरच्या स्टँडवर मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "पुरे गो. डोळ्यांतला गाळ निघतोय, निघू दे." गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडल्या, "आजीला चिकटून राहा!"

राहिले आहे. आता तुम्ही. वाकड असो की चऱ्होली, आज संध्याकाळी लिफ्टचं सगळ्यात खालचं बटण दाबा. एसटीपीच्या दाराशी उभे राहा आणि पंप ऐका. ऐकू आला नाही, तर तसेच वर जाऊन चेअरमनची बेल वाजवा आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारा: आमची घाण जाते कुठे?