अकरा मेंढ्या आणि खालची पापणी

माझ्या तोंडून माझी चूक सहसा बाहेर पडत नाही. पण तुम्ही चहा पुढे ठेवलात आणि वर विषय मेंढ्यांचा काढलात. ऐका तर. मध्ये हसायचं नाही.

इंग्रजाचं राज्य होतं, मुंबईची आगबोट बंदराला लागायची, तेव्हाची गोष्ट. पूर्णगडाजवळ माझी भातशेती. दरसाल दिवाळीनंतर बिरा धनगर घाटावरून कळप घेऊन उतरायचा आणि कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायचा. लेंडीखत आम्हाला, बदल्यात भात त्याला. वडिलांच्या वेळेपासूनची रीत.

मला वाटलं, दरसाल भात का द्यायचं? मेंढ्याच आपल्या असल्या तर? बिराकडून अकरा विकत घेतल्या.

"मालक, कोकणचा पाऊस मेंढराला सोसत न्हाई. वल्या गवतातनं जंत हुत्यात."

"माझ्याकडे सोसेल."

"फुडल्या दिवाळीपतुर एक जरी मेली, तर उरल्याली मी माघारी न्हेणार."

"ने!"

चारचौघांत बोललो. आता मागे कसा येणार?

जाताना तो पायरीवर बसून सांगत राहिला. दव वाळल्याशिवाय सोडू नका. खालच्या ओल्या गवतात नको, वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर चारा, तेही जागा बदलून. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. लाल असेल तर औषध नको. पांढरी असेल, म्हणजे जंतांनी रक्त शोषलेलं, तिलाच पळसाचं बी गुळातून द्या. ऊठसूट सगळ्यांना दिलंत तर जंत औषधाला जुमानत नाहीत. दिल्यावर एक दिवस, एक रात्र कोंडून ठेवा आणि लेंड्या खड्ड्यात पुरा.

मी मान डोलवत होतो. डोक्यात शिरलं किती? पळसाचं बी आणि गूळ. बस्स! सारा जन्म जनावरांत गेला माझा. मला हा शिकवणार?

पाऊस लागला. सडा लांब, चढ उभा. घरामागे माझं कुंपण घातलेलं गवत होतं, गुडघाभर. तिथेच चारल्या, रात्री तिथेच बसवल्या.

श्रावणात मेंढ्या हगू लागल्या. तिघींच्या हनुवटीखाली पाण्याच्या पिशव्या लोंबू लागल्या. मी औषध काढलं. तिघींनाच का? अकराही जणींना भरवलं! भेदभाव मला चालत नाही.

आणि पुढे काय केलं असेल? औषधाने पोट साफ होणार, म्हणजे ढीगभर खत. ते गोठ्यात वाया घालवू? लगेच त्याच गवतात सोडल्या! जंत गवतात पडले, गवत मेंढ्यांनी खाल्लं. आज कळतं हो. तेव्हा मी अंगणात उभा राहून स्वतःची पाठ थोपटत होतो.

पंधरा दिवसांत पिशव्या पुन्हा लोंबल्या. मी बियांना शिव्या दिल्या, नव्या आणल्या. पुन्हा अकरा. पुन्हा तेच गवत. गणपतीत तिसऱ्यांदा, दुप्पट!

बायको म्हणाली, "अवो, बिऱ्याने पापणी बघायला सांगितलान ना?"

"जंत पोटात आहेत की डोळ्यात?"

"मग निदान गोठ्यात तरी कोंडा."

"आणि खत?"

"खतच जपा. मेंढरां मेली तरी चालतील! नि तुमचां तोंड बघा. पिठासारखां झालांय."

"या मेंढ्यांच्या काळजीनेच!"

खरं तर अंगणातून विहिरीपर्यंत गेलो तरी मला धाप लागत होती. पण तिला कशाला सांगू?

दिवाळी झाली, बिरा उतरला. तिघी आडव्या पडलेल्या. मी छाती काढून म्हटलं, "मोजून घे. अकरा."

त्याने मोजल्या नाहीत. एकेकीची पापणी ओढत गेला. आठ लाल, तीन पांढऱ्या.

"आवशीद कितींना दिलंत?"

"अकरांना. तीनदा."

"आन् मग सोडलीत कुठं?"

मी गवताकडे बोट दाखवलं. तो बायकोकडे वळून म्हणाला, "वैनी, ह्यास्नी पावसात एकटं सोडत जाऊ नगा."

तिघींना औषध देऊन कोंडलं. आठजणी सड्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी तिघींनाही उचलून तिकडेच नेलं. दहा दिवसांत त्या उठून चरू लागल्या.

"एकबी मेली न्हाई," बिरा म्हणाला. "मेंढरं तुमची, मालक."

जिंकलो! मिशीवरून हात फिरवत ताडकन उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि चारचौघांदेखत मटकन खाली बसलो.

बिरा वाकला. न विचारता माझी पापणी खाली ओढली.

"वैनी, हे बी पांढरं."

"मेंढीचे जंत मला?" मी ओरडलो.

"मेंढराचं मान्साला लागत न्हाईत. ह्ये तुमचं सोत्ताचं. चिखलातनं अनवाणी फिरताय न्हवं?"

बायकोने मेंढ्यांच्या औषधाचाच डबा काढला, त्याच बिया, तोच गूळ. मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग मला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. एक दिवस, एक रात्र!

दाराआडून तिचा आवाज आला, "बिऱ्या, आता ह्यांना सोडायचां कधी रे?"

"दव वाळल्यावर, वैनी. आन् त्या गवताकडं नगा."