एकाहत्तर हजाराला सत्तरने भागलं तेव्हा

ऐंशीच्या दशकातला मे महिना, गडचिरोली. मी जंगलातल्या एका गावात मास्तर होतो आणि चौथी पास झालेल्या मैनीला आश्रमशाळेच्या मुलाखतीला घेऊन आलो होतो. जागा एकच उरलेली... ती हुकली असती तर तिची शाळा तिथेच संपली असती, कारण गावात पाचवीचा वर्गच नव्हता.

सीझन तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी प्रश्नही त्यावरचाच काढला. एका पुड्यात सत्तर पानं, तर हजार पुड्यांत किती?

मला हायसं वाटलं. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल.

मैनी म्हणाली, "एकाहत्तर हजार."

झालं... मी कपाळावर हात मारला. साहेबांनी पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच.

"माय एकाहत्तर बांधते जी. एखादं पान फाटकं निंघालं त फळीवर पुडे मोजून घेणारा मुन्शी पुडा फेकून देते."

साहेब हसले. मग जरा खोचकपणे म्हणाले, "बरं, आता एकाहत्तर हजाराला सत्तरने भाग."

सत्तर हजार ही सरळ संख्या, सातानेही भाग जातो आणि दहानेही. एकाहत्तर मात्र आडमुठी, मूळ संख्या. मैनीने खडू घेऊन फरशीवरच भागाकार मांडला... भागाकार एक हजार चौदा, बाकी वीस.

बरोबर होतं. साहेबांनी मान डोलावली आणि जागा मिळाली. मला तिथेच नाचावंसं वाटलं, पण मास्तर होतो ना...

मैनीचं मात्र लक्षच नव्हतं. ती फरशीवरच्या चौदाकडे बघत होती.

बाहेर तिची आई झाडाखाली बसली होती. प्रवेश मिळाल्याचं सांगायचं सोडून पोरगी म्हणाली, "माय, हजारामागं चौदा पुडे फुकट जाऊन राह्यले आपले!"

आई म्हणाली, "जाऊ दे वं. आपला पुडा कोणी परत त नाई फेकला."

विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात त्यांच्या अंगणावरून जात होतो. मायलेकी पुडे बांधत बसल्या होत्या. आईने सत्तर पानं मोजली, एकेक उलटून पाहिलं, फाटकं होतं ते बदललं. एकाहत्तरावं पान सवयीने हातात आलंच होतं... ते तिने तसंच धरून ठेवलं.

मग तिने पुडा बांधला, आणि हातातलं पान पुढच्या पुड्याचं पहिलं पान म्हणून खाली ठेवलं.

पुढे कितीतरी वर्षं मी मोठमोठ्या संख्यांचे भागाकार शिकवले. त्यातला एक कुणाच्या कामी आलेला या डोळ्यांनी पाहिला, एवढं पुष्कळ झालं...