खालच्या देशाला सल्ला

माझ्या वरच्या खोलीतल्या मुलीला मी परराष्ट्रमंत्री म्हणायचे. मुलगी कसली, तिशी उलटलेली बाई. पण माझ्या वयाला सगळ्या मुलीच. प्रशासकीय परीक्षेची तिची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय आड येणार होतं.

बरोबरच्यांनी इतिहास-भूगोल असे गर्दीचे विषय घेतले, हिने आंतरराष्ट्रीय कायदा. का, तर आवडतो म्हणून! परिणाम असा की शिकवणी नाही, वाद घालायला सोबत नाही, उत्तरं तपासायला कुणी नाही. दुपारभर भिंतीवरच्या जगाच्या नकाशाशी मोठ्यांदा बोलायची. खाली मला वाटायचं, कुणी आलंय. कुणीही आलेलं नसायचं.

शेवटी कागद घेऊन माझ्याकडे आली. "काकू, तपासाल?"

"मी रसायनशास्त्र शिकले गं. मला काय कळतंय त्यातलं?"

"रागवा तरी. कुणाचा तरी आवाज कानावर पडेल."

मी चष्मा लावला. प्रश्न असा: वरच्या देशाने नदी अडवली आहे, खालच्या देशाला सल्ला द्या. हिने पानंच्या पानं भरलेली. हा पंडित असं म्हणतो, तो तसं. या निवाड्यात हे, त्या निवाड्यात ते. अक्षर मोत्यासारखं. सल्ल्याचा पत्ता नाही.

"अगं, त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? तहानेने मरायचं?"

"दोन्ही बाजू मांडल्यात ना."

"मांडल्यास. आवरल्या नाहीस. नुसता पसारा!"

मागच्या खेपेला याच पेपराने दगा दिला होता, हे तेव्हा कळलं. खोडच ती. "ताई, नाही जमलं तर घरी येणार ना?" असं भावाने फोनवर विचारलं, तेव्हाही हिचं आपलं, "दोन्हीकडून विचार करायला हवा."

मग रोज एक उत्तर. शेवटची ओळ मी आधी वाचायचे. सल्ला नसला की कागद परत. पाय आपटत जिना चढायची, पण लिहून आणायची.

पेपर देऊन आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"अख्ख्या वर्गात मी एकटी, काकू. तरी पर्यवेक्षक सवयीने म्हणाला, शेजारच्याचं बघू नका."

आम्ही दोघी हसलो. ती जरा आधी थांबली.

"शेवटचं उत्तर अर्धं राहिलं. पण सल्ला पहिल्याच ओळीत लिहून टाकला होता."

"काय लिहिलंस?"

"वाट बघत बसू नका. आजच बोलणी सुरू करा."

आणि माझ्यासमोरच भावाला फोन लावला. "निकाल काहीही लागू दे, मी घरी येतेय. नकाशाशी बोलून कंटाळले रे."

निकालात तिचं नाव नव्हतं. त्या पेपरात मात्र भरघोस गुण. तिनेच फोन करून सांगितलं. मागे घरच्यांचा नुसता कलकलाट, धड ऐकूसुद्धा येईना.

खोली बघायला लोक येतात. भिंतीवरचा नकाशा काढा म्हणतात. मी म्हणते, बघू.